गणोजीरावांच्या दातांमागची भिंत

“पाडला! पाडला रे देवा! डाक्टरानं माझा दात पाडला!”

माझ्या खुर्चीत आडवे पडलेले गणोजीराव एवढ्या जोरात ओरडले, की खालच्या मजल्यावरच्या दुकानातलं कॉफी दळायचं यंत्र बंद पडलं. दुकानदार म्हणतो, वीज गेली होती. माझा त्याच्यावर विश्वास नाही. बाहेर बाकावर बसलेले पेशंट उठले आणि जिन्यावरून असे उतरले, की जिन्याला पायऱ्या आहेत हे त्यांच्या लक्षात आलं नसावं. एक बाई तर चपला टाकून गेल्या. त्या चपला घ्यायला त्या कधीच आल्या नाहीत. पुढचे दोन पावसाळे मीच वापरल्या.

“अंबू, आत ये की गं! बघ तुझ्या डाक्टरानं काय करून ठेवलं!”

अंबू म्हणजे अंबक्का, त्यांची बायको. तिनंच त्यांना धरून आणलं होतं. ती दारातून आत आली, नवऱ्याच्या तोंडाकडं न बघता सरळ स्टीलच्या तबकात डोकावली. तबकात एक वस्तू पडली होती. भाजलेल्या कॉफीच्या रंगाची, कमानीसारखी वाकलेली, करंगळीच्या पेराएवढी. कोणीही देवाची शपथ घेऊन सांगितलं असतं, की हा दात आहे. आणि तोही माणसाचा नाही, रेड्याचा.

“गणोजीराव,” मी म्हटलं, “हा दात नाही.”

“मग काय है? बुंदीचा लाडू?”

“किटण आहे. दातांमागं साठलेलं.”

“मग माझ्या तोंडात भोक कसं पडलं? जीभ बाहेर चाललीय माझी!”

“स्वल्प इरी, अण्णा,” जरा थांबा, असं माझी सिस्टर फिलोमिना म्हणाली आणि तिनं त्यांच्या हातात आरसा दिला. गणोजीरावांनी खालचा ओठ खाली ओढून दात मोजले. पुन्हा उलट्या बाजूनं मोजले. सगळे होते. मग त्यांनी मधल्या एका दाताला बोट लावलं, आणि तो दात लग्नात अक्षता टाकणाऱ्या म्हाताऱ्यासारखा पुढं वाकला आणि मागं आला.

गणोजीरावांनी बोट चटकन मागं घेतलं.

“हलालाय,” ते हळूच म्हणाले. “अंबू, दात हलालाय. आता रविवारी मी वाजवू कसा?”

हे प्रकरण काय होतं ते कळायला दोन गोष्टी सांगायला हव्यात. एक माझ्या धंद्याची, दुसरी त्यांच्या.

माझं गाव निपाणीच्या बाजूचं. आमच्या शिवारात तंबाखू पिकतो. तो तंबाखू भाजून, कुटून त्याची मशेरी होते, आणि लोक ती दातांना लावतात. मी दातांचा डॉक्टर होऊन बेंगळूरला आलो आणि नव्वदच्या दशकात मल्लेश्वरममध्ये एका क्रॉसच्या, म्हणजे आडव्या रस्त्याच्या, कोपऱ्यावर पहिल्या मजल्यावर दवाखाना थाटला. म्हणजे गावानं पेरायचं आणि मी खरवडायचं. दोन्हीकडून गावाचीच सेवा.

दात साफ करून देणं हा दंतवैद्याच्या धंद्यातला सगळ्यात बिनमानाचा प्रकार. काढलेला दात पेशंटच्या हातात देता येतो. कवळी पेल्यात ठेवून पाहुण्यांना दाखवता येते. साफ केलेल्या दातांचं काय दाखवणार? माणूस आला तेव्हा दात होतेच, गेला तेव्हाही आहेतच. वर “एवढंच?” असं विचारून जातो. आणि पाठोपाठ तो सनातन समज: साफ केलं की दात हलतात. मल्लेश्वरमच्या देवळातल्या गुरुजींपासून माझ्याच सासऱ्यांपर्यंत सगळ्यांचं यावर एकमत होतं. या शहरात कावेरीच्या पाण्यावरून एकमत झालं नाही, पण यावर झालं.

खरं काय ते साधं आहे. जेवल्यावर दातांवर एक चिकट साय बसते. ती रोज नीट घासली नाही, की थुंकीतले क्षार तिच्यात मुरतात आणि तिचा दगड होतो. तेच किटण. खालच्या पुढच्या दातांच्या मागं, जिभेखाली, थुंकीच्या नळ्या उघडतात, म्हणून तिथं किटणाचा कारखाना चोवीस तास चालू. एकदा दगड झाला की ब्रश कितीही आपटा, उपयोग शून्य. तो वाकड्या टोकाच्या आकड्यांनी किंवा यंत्रानं काढावा लागतो. काढला नाही तर तो हिरडीखाली सरकतो, हिरडी सुजते, रक्त येतं, आतलं हाड हळूहळू मागं हटतं. मग दात कशाच्या आधारावर उभा राहतो? त्या दगडाच्याच! पडायला आलेल्या घराला शेजारच्याच्या भिंतीचा टेकू असतो, तसं. मी येतो, भिंत काढतो, घर हलतं. लोक म्हणतात, डॉक्टरानं घर हलवलं.

हे सगळं मी गणोजीरावांना आधी सांगितलं होतं. पण तेव्हा माझं यंत्र किर्रर्र करत होतं आणि त्यांचं लक्ष आपली कुलदेवता आठवण्यात होतं.

आता त्यांचा धंदा. गणोजीराव लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. पूर्वज कधी काळी फौजेबरोबर आले आणि इथंच राहिले, असं ते सांगायचे. कुठल्या फौजेबरोबर, ते ऐकणाऱ्याची ऐपत बघून ठरायचं. घरात मराठी, तिच्यात पावशेर कन्नड. लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालर, छाती पुढं. त्यांचा एक लांब सूर होता. नवरदेवाची गाडी कल्याण मंटपाच्या, म्हणजे लग्नाच्या कार्यालयाच्या, दाराशी आली की ते तो धरायचे. तो सूर चालू असताना नवरदेव उतरायचा, त्याची आरती व्हायची, सासू रुसायची, समजूत काढून व्हायची, आणि सूर चालूच. त्या सुरासाठी लोक बँड सांगायचे. आणि तो सूर जो धरतो, तो बँडच्या पुढं चालतो, हा त्यांच्यातला कायदा.

क्लॅरिनेट वाजवताना खालचा ओठ खालच्या दातांवर दुमडून घेतात आणि त्या गादीवर वाद्याची पात टेकते. म्हणजे सगळा डोलारा खालच्या पुढच्या दातांवर. आणि नेमकी तिथंच गणोजीरावांनी सकाळ-संध्याकाळ मशेरी लावून ही भिंत बांधली होती. ब्रश त्यांनी आयुष्यात एकदाच वापरला होता, बँडच्या कोटाच्या बटणांना पॉलिश करायला. हिरड्यांतून रक्त यायचं. तोंडाला असा वास, की ढोलवाला रस्त्याच्या पलीकडून ढोल वाजवत चालायचा. तेवढ्यावर अंबक्कानं निभावलं असतं. पण गेल्या काही लग्नांत सूर मध्येच चिरकायला लागला होता. आणि त्यांच्या मागं ट्रंपेट घेऊन चालत होता यल्लोजी, अंबक्काचा धाकटा भाऊ, म्हणजे गणोजीरावांचा मेहुणा. यल्लोजीचे दात पांढरे, फुप्फुस भक्कम, आणि नजर पुढच्या जागेवर.

“सूर तुटला की तो पुढं येणार,” अंबक्कानं मला पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. “माझा भाऊ है, मला म्हायती है. एकदा पुढं आला की मागं जायचा न्हाई. आणि हे एकदा मागं गेले की मरूनच जातील बघा, डाक्टर.”

तर असं होतं. त्या दिवशी गणोजीराव अर्धवट साफ झालेल्या तोंडानं उठले. मी परोपरीनं सांगितलं, बसा, उरलेलं काढू द्या, हलणारे दात मी तारेनं बांधून देतो. ऐकतो कोण?

“माझा बाप गेला तेव्हा त्याच्या तोंडात सगळे दात होते,” ते म्हणाले.

“वय काय होतं?”

“ते सोडा. दात होते.”

दारातून ते परत वळले आणि तबकातला तो तुकडा त्यांनी मागितला.

“कशाला हवाय?”

“माझा है. माझ्या तोंडातला है.”

आता यावर कायदेशीर उत्तर नाही. मी कापसात गुंडाळून दिला. मला वाटलं, घरी पंचांना दाखवतील, माझी बदनामी करतील. ती तर झालीच. दुसऱ्या दिवशी भाजीवालीनं मला “हलवणारे डाक्टर” अशी हाक मारली. बाकावर माणूस नाही. आला तो एकच, पुण्याहून नवा आलेला कॉम्प्युटरवाला पोरगा, शहराच्या पार पूर्वेला राहणारा. तिकडं तेव्हा नाचणीची शेतं होती आणि बसचं वेळापत्रक ही कविकल्पना होती. त्याच्यापर्यंत माझी कीर्ती पोचली नव्हती.

“डॉक्टर, मी हायजीनबाबत एकदम स्ट्रिक्ट आहे,” तो म्हणाला. “कडक ब्रश, फुल प्रेशर, मिनिमम पंधरा मिनिटं.”

तोंड उघडलं तर दातांना हिरडीजवळ खाचा पडलेल्या, करवतीनं ओंडका कापायला घ्यावा तशा. एक घासत नाही आणि दुसरा थांबत नाही. मधला माणूस देवानं घडवलाच नाही. त्याला मी मऊ ब्रश दिला आणि सांगितलं, बाबा रे, दात आहेत, बूट नाहीत. तो “कूल” म्हणून गेला.

रविवार उजाडला. ज्येष्ठ संपत आला होता. पुढं आषाढ, म्हणजे कर्नाटकात लग्नं बंद. त्यामुळं शेवटच्या मुहूर्तावर अख्खं मल्लेश्वरम लग्न करत होतं. मी दवाखान्याच्या खिडकीत कॉफी घेऊन उभा. वरात खालूनच जाणार होती. पुढं गणोजीराव, लाल कोटात, आणि ते वाजवत होते! सूर स्वच्छ. मी थक्क. हलणाऱ्या दातांवर हा माणूस वाजवतो कसा? त्यांनी खिडकीकडं पाहिलं आणि क्लॅरिनेट तोंडातून न काढता भुवया अशा उडवल्या, की मला आईवरून शिवी दिल्यासारखं वाटलं.

फुलांची गाडी कल्याण मंटपाच्या दाराशी थांबली. ते दार माझ्या खिडकीसमोरच. गणोजीरावांनी लांब सूर धरला. आरतीचं तबक पुढं आलं. सूर चढला. आणि चढता चढता त्यातून लॉरीखाली बोकड आल्यासारखा आवाज निघाला. नवरदेव गाडीतून उतरत होता तो परत आत बसला. गणोजीराव वाकले, खोकायला लागले, डोळे बाहेर, चेहरा कोटाच्या रंगाचा. सूर तुटला.

आणि ते बघा, यल्लोजी. एक मात्रा चुकली नाही. ट्रंपेट वर केला, मेहुण्याला वळसा घातला, पुढं आला आणि तोच सूर तिथूनच उचलला. बँड त्याच्या मागून गेला. गणोजीराव फूटपाथवर एकटे, नारळाच्या करवंट्यांशेजारी.

मी खाली धावलो. तोवर अंबक्कानं त्यांच्या पाठीत गुद्दा हाणला होता. तो गुद्दा नवऱ्याला वाचवायला होता की लग्नापासूनचा साठलेला होता, मी विचारलं नाही. त्यांच्या तोंडातून काहीतरी उडालं आणि रस्त्यावर टप्पे खात गेलं. मी उचलून पाहिलं.

तीच भिंत. कॉफीच्या रंगाची. आणि तिला एका बाजूनं लाख लागलेली.

क्लॅरिनेटच्या चाव्यांखाली छोट्या गाद्या असतात, त्या लाखेनं चिकटवतात. या महापुरुषानं रविवारी सकाळी मेणबत्तीवर लाख वितळवून माझ्या हातानं काढलेलं किटण दातांमागं परत चिकटवलं होतं! जीभ भाजली, हिरडी भाजली, पण भिंत बसली, दात हलायचा थांबला, आणि वरात मंटपाच्या दारापर्यंत निभावली. मी कॉलेजात मोठमोठ्या प्राध्यापकांकडून शिकलो. एकाच्याही डोक्यात ही कल्पना आली नसती. त्यांच्या डोक्यात तशी कुठलीच कल्पना येत नसे, ते सोडा.

मला हसू फुटणार होतं. पण गणोजीराव बँड गेला त्या दिशेला बघत होते. ट्रंपेटचा आवाज मंटपाच्या आतून येत होता. चांगला येत होता, हेच वाईट होतं.

“वर चला,” मी म्हटलं.

ते हलले नाहीत. अंबक्कानं त्यांच्या हातातलं क्लॅरिनेट काढून घेतलं आणि ती जिना चढायला लागली. वाद्य गेलं तिकडं माणूस गेला.

रविवारी फिलोमिना चर्चला जायची, त्यामुळं थुंकी ओढायची नळी अंबक्कानं धरली. मी उरलेलं सगळं किटण काढलं. किती निघालं म्हणता? बाथरूमला ओटा बांधला असता. आधी यंत्रानं मोठे दगड, पाण्याचा फवारा मारत. मग हाताच्या आकड्यांनी हिरडीखालचं, चाचपत, एकेका दाताभोवती. यात घाई करून चालत नाही. हिरडीखाली दिसत नाही, बोटांना कळतं. खरखरीत लागलं तर अजून आहे, काचेसारखं लागलं तर संपलं. शेवटी केसासारखी बारीक स्टीलची तार घेऊन खालचे पुढचे दात एकमेकांना विणून टाकले. पक्क्या दाताला हलणारा, हलणाऱ्याला पक्का. शाळेत मस्तीखोर पोराला दोन शहाण्यांच्या मध्ये बसवतात तसं.

गणोजीरावांनी चूळ भरली. लाल पाणी बघितलं. मग विचारलं, “मी परत वाजवीन?”

आता मी कसा माणूस आहे, ते तुम्हाला एव्हाना कळलंच असेल. मी पेशंटला नेहमी छातीठोक सांगायचो, की माझ्या हातून गेलेल्या दातांनी लोखंड चावता येतं. पण त्या दिवशी त्यांच्या मांडीवर तो लाल कोट घडी करून ठेवलेला होता, आणि माझ्या तोंडून खरंच निघालं.

“माहीत नाही. हाड गेलंय, ते परत येत नाही. हिरडी आवळून आली तर दात धरतील. ते माझ्यापेक्षा तुमच्यावर आहे. मशेरी बंद. दोन्ही वेळा ब्रश. आषाढभर क्लॅरिनेटला हात लावायचा नाही.”

“आषाढभर?”

“तार सुटली तर दात गेला. दात गेला तर सूर गेला.”

त्यांनी मान हलवली. कागदावर लिहून देऊ का विचारलं, तर म्हणाले, “तोंडी सांगा, मी वाजवणारा है.”

मग मी त्यांना ब्रश करायला शिकवलं. मऊ ब्रश. वाटाण्याएवढी पेस्ट. जाहिरातीत ब्रशवर लाटेसारखी पसरलेली दाखवतात तेवढी लागत नाही, ती त्यांचा खप वाढवायला असते. ब्रश हिरडीकडं तिरका धरायचा, जागच्या जागी बारीक गोल फिरवायचा, मग पुढच्या दाताकडं. आतल्या बाजूला ब्रश उभा धरायचा, कारण चोर आतल्या बाजूला राहतो. आणि झोपण्यापूर्वीचा ब्रश सकाळच्यापेक्षा महत्त्वाचा, कारण झोपेत थुंकी कमी होते आणि जंतूंना रान मोकळं मिळतं. हे मी हजारो लोकांना सांगितलं असेल. लोक मान डोलवतात आणि दुसऱ्या दिवशी भिंत रंगवल्यासारखा ब्रश फिरवून कामाला जातात.

गणोजीराव मात्र आठवड्यानं आले ते तालात आले. त्यांनी ब्रश दादऱ्यात बसवला होता! प्रत्येक दाताला एक आवर्तन, वर, खाली, आत, बाहेर. वरातीचं एक अख्खं गाणं मनात संपेपर्यंत थांबायचं नाही. अंबक्का सांगत होती, की न्हाणीघराचं दार लावून पायानं ठेका धरतात आणि शेवटची चूळ समेवर टाकतात. आत्तापर्यंत दंतवैद्यकानं लावलेल्या शोधांत मी याला सगळ्यात वर ठेवतो. पुढं कितीतरी पेशंटना मी हेच सांगितलं: घड्याळ बघू नका, एक गाणं म्हणा. लोकांना घड्याळाचा कंटाळा येतो, गाण्याचा येत नाही.

मशेरी सोडणं हे प्रकरण वेगळं. पहिल्या आठवड्यात त्यांचं डोकं दुखलं, दुसऱ्यात त्यांनी शेजाऱ्याच्या कुत्र्याशी भांडण काढलं, आणि कुत्र्यानं घर बदललं. मशेरीचा डबा अंबक्कानं लपवला होता. त्यांनी तो शोधला. तिनं दुसरीकडं लपवला. त्यांनी तोही शोधला. शेवटी तिनं तो उघडा, देवघरासमोर ठेवला आणि म्हणाली, “लावा. मी यल्लूला सांगते, लाल कोट धुऊन ठेव म्हणून.”

डबा तिथंच राहिला. तंबाखूला मुंग्या लागत नाहीत म्हणतात. त्याला कोळी लागला.

हिरड्या हळूहळू आवळत आल्या. सूज उतरली, जांभळा रंग जाऊन गुलाबी आला, रक्त थांबलं. मी दर वेळी तारेतल्या मधल्या दाताला बोटानं ढकलून बघायचो, आणि माझ्यापेक्षा जास्त श्वास अंबक्का रोखायची. एक दात मात्र अजून किंचित हलत होता. मी तार काढली नाही.

आणि यल्लोजी? तो आषाढात मजेत होता. एकदा तो माझ्याकडं आला. दाताची काही तक्रार नाही, फक्त एक प्रश्न.

“भावजींचं काय, डाक्टर? सांगा, मला पुढं चालणाऱ्याचा कोट शिवायला टाकायचा है.”

“तू तुझे दात दाखव आधी,” मी म्हटलं.

त्याला खुर्चीत घातलं. पांढरे दात, पण मागं बघितलं तर छोटी भिंत तयार होत होती. मी साफ करू का विचारलं. तो उठूनच बसला.

“नको! हलतील!”

ज्यानं स्वतः कधी मशेरी लावली नाही, त्याचाही विश्वास त्यावरच. मला त्या क्षणी वाटलं, की गणोजीरावांचा सूर परत लागला तर तो माझ्या कॉलेजच्या सगळ्या पुस्तकांपेक्षा मोठा पुरावा होईल. अख्ख्या रस्त्यानं बघितलं होतं त्यांचं पडणं. अख्ख्या रस्त्यानं उभं राहणंही बघावं.

श्रावण लागला. आपल्याकडं चातुर्मास, पण कर्नाटकात श्रावणात लग्नं परत सुरू होतात. पहिल्याच मुहूर्ताला समोरच्या मंटपात लग्न. गणोजीराव वाजवणार होते, पण यल्लोजीनं पुढची जागा सोडली नव्हती. “मी काय पळून चाललोय? बघू की,” एवढंच म्हणाला होता. म्हणून गणोजीराव मागच्या रांगेत, झांजवाल्याशेजारी चालत होते. लाल कोट आता त्यांच्या अंगावर जरा सैल दिसत होता. मी दवाखाना बंद करून खाली उतरलो. फिलोमिनाही आली. कॉफीवाला, भाजीवाली, सगळे फूटपाथवर. खोटं कशाला सांगू, ट्रॅफिक पोलीसही शिट्टी तोंडात धरून थांबला होता.

गाडी थांबली. यल्लोजीनं लांब सूर धरला. चांगला धरला. आरती झाली, नवरदेव उतरला, आणि मग सासरच्या कुणा आत्याला मान मिळाला नाही म्हणून दारातच खोळंबा झाला. त्या आत्याचं पुढं काय झालं ते मला ठाऊक नाही, पण माझ्या धंद्यावर तिचे उपकार आहेत. यल्लोजीचा सूर लांबला, लांबला, त्याचे गाल फुगले, मान ताठली, आणि तो श्वासाला थांबला.

त्याच जागी मागून क्लॅरिनेट लागलं.

गणोजीराव चालत चालत, वाजवत, झांजवाल्याला ओलांडून, ढोलवाल्याला ओलांडून पुढं येत होते. ढोलवाला त्यांच्या अगदी शेजारी होता आणि पळाला नाही, हे मी नोंदवून ठेवलं. सूर चढला. मी नकळत माझाच खालचा जबडा हातात धरला होता. बाकी सगळे सूर ऐकत होते. मी एकटाच तार ऐकत होतो. आत्याची समजूत पटली. कुणीतरी नारळ फोडला. सूर तिथंच. चिरकला नाही, डगमगला नाही. ज्या जागी तो आषाढाआधी तुटला होता, ती जागा आली आणि तो तिच्यावरून असा निघून गेला, जशी बैलगाडी खड्ड्यावरून नाही, तर नव्या डांबरी रस्त्यावरून जाते.

यल्लोजीनं ट्रंपेट खाली घेतला. एक पाऊल बाजूला झाला. मग आणखी एक. आणि मेहुण्याच्या डाव्या हाताला, अर्धं पाऊल मागं, जाऊन उभा राहिला. अंबक्कानं पदर तोंडावर धरला होता. ती हसत होती की काय, ते मला मागून दिसलं नाही.

वरात आत गेली. बँड बाहेर पायऱ्यांवर बसला, सगळ्यांना बदाम दूध आलं. माझा आनंद मावत नव्हता. महिन्याभराहून जास्त मी “हलवणारा डाक्टर” म्हणून फिरत होतो, आणि आता पुरावा समोर दूध पीत बसला होता, सगळ्या साक्षीदारांसमोर. अशी संधी दंतवैद्याला आयुष्यात एकदाच येते. मी पायरीवर चढलो, गळा साफ केला आणि रस्त्याच्या दोन्ही टोकांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं,

“गणोजीराव! आता तुम्हीच सांगा सगळ्यांना. साफ केल्यानं दात हलतात का?”

कॉफीवाला पुढं झाला. भाजीवाली पुढं झाली. यल्लोजीनं पेला खाली ठेवला.

गणोजीरावांनी क्लॅरिनेटचं तोंड रुमालानं पुसलं, पात काढून डबीत ठेवली, डबी कोटाच्या खिशात ठेवली आणि म्हणाले,

“हलतात की. पण मग बांधून देतात.”